लाकडी पायाचा दावा

आमचे मामा वकील. घरात दूध नासलं तरी दुधाची बाजू मांडायला उभे राहायचे. त्यामुळे किरकोळ तंट्यांसाठी नवा कायदा झाला आणि त्या छोट्या कोर्टात वकिलाला तोंड उघडायची मनाई आहे, हे वाचून आईला मनापासून आनंद झाला.

कायदा साधा होता. आपल्या भाषेत कोऱ्या कागदावर तक्रार लिहायची, स्वतः उभं राहून बोलायचं, आणि झेपलं तर त्याच दिवशी निकाल घेऊन घरी यायचं. मामा म्हणाले, "चार दिवसांत बंद पडेल. लोकांना स्वतःचं भांडण मांडता आलं असतं, तर माझं दुकान कसं चाललं असतं?"

अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, मात्र हे कोर्ट देवासारखं धावून आलं. लहानपणच्या आजारानं तिचा डावा पाय आखूड आणि जरासा आत वळलेला राहिला होता. तयार बूट तिला कधी झालाच नाही. कोपऱ्यावरचे बूटवाले काका तिच्या पायाच्या आकाराचा लाकडी साचा जपून ठेवायचे आणि त्यावर बूट शिवायचे. तो साचा बाबांनी मुद्दाम करवून घेतला होता. आता अक्काला दूरच्या शहरात मुलींच्या शाळेत नोकरी लागली होती. तिथे बूट करून घ्यायचे तर साचा सोबत हवा. ती मागायला गेली, मीही गेले.

"पाय तुमचा, साचा माझा," काका म्हणाले. "बूट फाटला की इथे यायचं."

"एका बुटासाठी दिवसभर गाडीत बसू?"

"मग नोकरी इथेच बघा की, ताई."

एवढं बोलून त्यांनी खिळे तोंडात धरले. तोंडात खिळे असलेल्या माणसाशी कोण भांडणार? अक्का घरी आली ती थेट तक्रार लिहायलाच बसली. साचा नाही तर बूट नाही, बूट नाही तर नोकरी नाही. तिचा सगळा जीव त्या लाकडात अडकला होता.

कोर्ट भरायचं वाचनालयाच्या वरच्या खोलीत. भिंतीवर 'शांतता राखा' ही पाटी तशीच होती. न्यायाधीशबाईंची खुर्ची आमच्याच खुर्च्यांसारखी, एक पाय डुगडुगणारी. कधी उठायचं, कधी बसायचं, कोणालाच ठाऊक नव्हतं. मागे एक आजोबा रोजच्यासारखे पेपर वाचत होते. त्यांना कोर्ट भरल्याचा पत्ताच नव्हता.

अक्का उभी राहिली आणि मामांनी पढवलेलं घडाघडा म्हणू लागली. "प्रतिवादीने सदर जंगम वस्तू बेकायदा अडकवून ठेवल्यामुळे अर्जदारास..."

बाईंनी चष्मा काढला. "अहो, तुम्हाला हवंय काय?"

"माझा पाय," अक्का म्हणाली.

खोलीत खसखस पिकली. मामा अर्धवट उठले.

"आपण कोण?"

"मी... मामा."

"मामांनी बसावं."

मामा बसले. असे गप्प मामा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

काकांनी फडक्यातून साचा काढून टेबलावर ठेवला. बाई खुर्चीतून पुढे झुकल्या. लाकडावर जागोजागी चामड्याचे तुकडे चिकटवलेले होते.

"ही ठिगळं कसली?"

"पाय बदलत जातो, बाई. हाड जिथे वर येतं तिथे साच्यावर तुकडा लावायचा. मग बूट तिथे सैल होतो, लागत नाही."

अक्कानं साचा उचलून फिरवला. "अंगठ्याजवळचा माझा. पण टाचेवरचा? माझ्या टाचेला कधीच काही झालं नाही."

काका फडक्याची घडी घालू लागले.

"मग टाच कोणाची?" बाईंनी विचारलं. आवाजात दटावणी नव्हती, नुसतं कुतूहल होतं.

"आमच्या हिची," काका हळूच म्हणाले. "तिचाही डावा पाय असाच. लग्न झाल्यापासून मला माप घेऊ देत नाही, पायाला हात लावू देत नाही. ताईंच्या साच्यावर अदमासानं तुकडे लावून तिचा बूट करतो. चावतो. पुन्हा तुकडा बदलतो. साचा गेला तर ती घरातच बसेल."

बाईंनी कायद्याचं पुस्तक उघडलं. निकालाआधी दोघांना आपसात बोलू द्यावं असं त्यात एक कलम होतं. "जा, बोला," त्या म्हणाल्या, आणि आम्हाला पुढची तारीख दिली.

अक्का काकांशी काहीच बोलली नाही. ती तडक दुकानामागे काका राहत त्या खोलीत गेली आणि काकूंसमोर पाटावर बसून तिनं मोजा काढला. काकू आधी तोंड फिरवून बसल्या. मग हळूच वाकून बघू लागल्या.

"तुझी बोटं माझ्यापेक्षा बरी आहेत गं."

"टाच तुमची चांगली असेल. दाखवा तर."

बऱ्याच वेळानं काकूंनी पाय पुढे केला. मागोमाग आलेल्या काकांनी त्याखाली कागद सरकवला आणि कडेनं पेन्सिल फिरवायला घेतली.

"आटपा लवकर, गुदगुल्या होताहेत," काकू म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसले.

काकूंचा साचा तयार होईपर्यंत काकांनी दुसरं काम हाती घेतलं नाही. पुढच्या तारखेला अक्कानं आपला साचा मिळाल्याचं सांगितलं, तेव्हा बाई थोड्या खट्टूच झाल्या. "साचा मुळात कोणाचा, हे मला ठरवायचं होतं हो. रात्रभर पुस्तकं चाळली." त्यांनी मामांकडे पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं? बोला, आज मुभा आहे."

मामा उठले, खाकरले आणि म्हणाले, "बघावं लागेल."

अजून कोणी मला त्याचं उत्तर दिलेलं नाही. भेटेल त्या वकिलाला मी विचारते.

अक्का निघाली त्या दिवशी काका-काकू दोघं गाडीपर्यंत आले, काकू नव्या बुटांत. साचा अक्काच्या मांडीवर होता. काकांनी खिडकीतून हात घालून त्याची टाच चाचपली.

"तिथल्या बूटवाल्याला सांगा ताई, टाचेवरचा तुकडा मी काढलाय. अंगठ्याजवळच्याला मात्र हात लावू देऊ नका."