परवाच्या शुक्रवारचं शून्य

मी वही बोलतेय. पण दुधाचा रतीब लिहायची वही समजू नका. मी संशोधनातली वही आहे. माझ्या पुठ्ठ्यावर 'रोजची नोंद' असं छापलंय आणि त्याखाली नावाच्या जागी नुसता आकडा आहे, ४७. नाव मुद्दामच लिहीत नाहीत. हे कळलं तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

माझा जन्म अकोल्याच्या एका छापखान्यात झाला. आमच्या आधी त्याच यंत्रावर लग्नपत्रिका छापत होते, त्यामुळे माझ्या शेवटच्या पानावर अजून एक गुलाबी डाग आहे. आम्हा दोनशे बहिणींना गठ्ठ्यांत बांधून अमरावतीच्या एका दवाखान्यात पाठवलं. तिथे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या लोकांचा अभ्यास चालला होता. ऑपरेशनमध्ये गाठ निघते, तरी एखादा चुकार कण मागे राहिला असेल म्हणून नंतर काही महिने गोळ्या देतात. त्या तीन महिने पुरे होतात की सहा महिने लागतात, आणि तेवढ्यात माणसाला त्रास किती होतो, हे डॉक्टरांना शोधायचं होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळायला बरीच वर्षं लागणार होती. दुसऱ्याचं उत्तर माझ्यात लिहायचं होतं.

रोजचे चार चौकोन. जुलाब, मळमळ, तोंडातले फोड आणि हातापायांची जळजळ. त्रास नसला तर शून्य, थोडा असला तर एक, बराच असला तर दोन, हातातलं काम बंद पडलं तर तीन. इतकं सोपं होतं. पण मला माणसांचा अनुभव नव्हता.

मी ज्यांच्या वाट्याला आले ते राजापेठेतले शिंपी, जैनुद्दीनभाई. वय एकसष्ट. गल्लीत काजाच्या मशिनी येऊन वर्षं झाली, तरी शेरवानीचं काज हाताने करून घ्यायला लोक त्यांच्याकडेच येत. स्वभाव असा, की कोणीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं, "खैरियत" नाहीतर "मजेत." ऑपरेशनला नेताना म्हणे गाडी ढकलणाऱ्याने सहज विचारलं, "कसं वाटून राहिलं, चाचा?" तर म्हणाले, "मजेत! तुमचं सांगा."

कोणाला तीन महिने आणि कोणाला सहा, हे संगणक चिठ्ठी काढावी तसं ठरवतो. यांना सहा आले. ते खूश झाले.

"डॉक्टरीणबाईची आपल्यावर मर्जी दिसते," ते म्हणाले. नोंदी तपासणाऱ्या माधवीताईंनी दोनदा समजावलं की संगणकाला मर्जी नसते. जैनुद्दीनभाईंनी दोनदा मान डोलावली आणि तिसऱ्यांदा तेच म्हणाले.

दोन आठवडे गोळ्या, मग आठवडाभर सुट्टी, अशी एक फेरी. पहिल्या दोन फेऱ्या खरंच निर्विघ्न गेल्या. सगळीकडे शून्य, आणि तेही खरं. डॉक्टरीणबाई माझी पानं उलटत म्हणाल्या, "वा चाचा! सगळी शून्यं! फार छान."

हे त्यांनी बोलायला नको होतं. जैनुद्दीनभाईंना शाळेनंतर पहिल्यांदाच कोणी शाबासकी दिली होती, आणि शाळेतही दिली होती की नाही, शंकाच आहे. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, माप घेता घेता, शून्यांची हकिगत ऐकावी लागली. हिवरखेडचे त्यांचे जुने दोस्त पुंजाराम बंडी शिवायला टाकायला आले, त्यांनी तर मला हातात घेऊन निकाल पाहावा तशी पाहिली.

"आता नंबर घसरू देऊ नको, जैनूभाई," ते म्हणाले. "एकडाव का दोन-तीन लिवलं ना, नाव कटलं समज. मंग गोया बंद."

पुंजाराम कापूस पिकवतात. या विषयातलं त्यांना माझ्या पुठ्ठ्याइतकंच कळतं. पण जैनुद्दीनभाईंचा चेहरा उतरला. गोळ्या बंद म्हणजे रोग परत, असा त्यांनी हिशेब केला आणि तो मनात पक्का बसला. त्या दिवसापासून ते माझ्याकडे बघत तेव्हा मला त्यांच्या डोळ्यांत भीती दिसे. मी कोणाला घाबरवायला जन्मले नव्हते, मला वाईट वाटायचं.

तिसऱ्या फेरीत त्यांचे तळहात लाल झाले. मग जळायला लागले, मग बोटांची कातडी सोलून निघायला लागली. माझ्या चौकोनांत मात्र शून्यावर शून्य. एरवी त्यांचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण शून्य कसं सुबक! त्यांनी शर्टाच्या बाहीचं छोटं बटण चौकोनात ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवायला सुरुवात केली होती.

पुढे रोज बटण शोधायचाही कंटाळा आला. एका रविवारी त्यांनी फेरी संपेपर्यंतच्या सगळ्या तारखा एका बैठकीत भरून टाकल्या. जो दिवस अजून उजाडला नव्हता, त्या दिवशीही त्यांना काही त्रास नव्हता.

घरात हे सगळं पाहणारं एक माणूस होतं. त्यांच्या बेगम, नसीमबानो. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, ही त्यांची रीत. पण गप्प बसायचं, ही नव्हती. एका दुपारी त्यांनी मला हातात घेतलं, उलटं केलं आणि मागून उघडलं. त्या उर्दू शाळेत शिकलेल्या. त्यांच्या लेखी मी तिकडूनच सुरू होत होते! गुलाबी डागाच्या पानावर त्यांनी तारीख घातली आणि उजवीकडून डावीकडे लिहायला लागल्या. मला पहिल्यांदा गुदगुल्याच झाल्या. मला उर्दू येत नाही, पण त्या लिहिताना पुटपुटायच्या, त्यामुळे कळायचं.

"आज चाय का प्याला रूमाल से पकड़ा. बोले, प्याला मैला है."

"आज चप्पल नहीं पहनी. बोले, पाँव को हवा लगने दो."

आणि एके दिवशी, "राशन की मशीन ने अंगूठा नहीं पहचाना. ये मशीन पर चिल्लाए."

ही शेवटची हकिगत मला रेशनकार्डाने आधीच सांगितली होती. आम्ही एकाच पिशवीत असतो. बोटांवरच्या रेघा सोलून गेल्या होत्या. यंत्र पाच वेळा म्हणालं, ओळख पटत नाही. जैनुद्दीनभाई पाच वेळा म्हणाले, "अबे, मी जैनुद्दीन!" मागच्या रांगेतल्या बायका साक्ष द्यायला तयार होत्या, पण यंत्र बायकांचं ऐकत नाही.

म्हणजे माझ्या एका टोकाला खोटं आणि दुसऱ्या टोकाला खरं, आणि दोन्ही एकमेकांकडे सरकत होती.

एका बुधवारी मधली तपासणी होती. माधवीताईंनी मला उघडलं आणि बराच वेळ शून्यं न्याहाळली.

"चाचा, परवाच्या शुक्रवारी तुम्हाला जळजळ झाली नाही?"

"नाई झाली."

"शुक्रवार अजून यायचाय."

"मंग होनारच नाई ना!" जैनुद्दीनभाई ठामपणे म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "हात दाखवा बरं."

हात कुडत्याच्या खिशात होते. ते खिशातच राहिले. "हात ठीक हाय बाई. खैरियत."

तेव्हा नसीमबानो उठल्या. त्यांनी माधवीताईंच्या हातातून मला घेतलं, उलटं केलं, आपल्या बाजूने उघडलं आणि उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. प्याला. चप्पल. रेशनचं यंत्र. जैनुद्दीनभाई खाली मान घालून फरशी बघत होते. मग कालची नोंद आली.

"आज शेरवानी आई. काज के वक़्त बोले, तुम कर लो. चालीस साल में पहली बार."

मग खिशातून दोन्ही हात बाहेर आले. लाल, सोललेले, बोटांच्या टोकांना चिरा पडलेले. मी इतकी वर्णनं पोटात घेऊन बसले होते, तरी बघवेना.

"काहून नाई सांगितलं, चाचा?" माधवीताई एकदम वऱ्हाडीवर आल्या.

"नाव कटलं असतं ना बाई," ते हळू म्हणाले. "गोया बंद झाल्या का बिमारी वापस येते. आन् तुमी येवढं छान म्हनलं होतं."

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "चूक माझी. शून्याला मी शाबासकी द्यायला नको होती. त्रास लिहिला म्हणून कोणाचं नाव कापत नाहीत. त्रास किती होतो, हेच आम्ही शोधतोय. असंच आठ दिवस चाललं असतं तर जखमा झाल्या असत्या. आता हात बरे होईपर्यंत गोळ्या थांबवू, मग थोड्या कमी देऊ. म्हणजे उपचार सोडला, असं नाही."

जैनुद्दीनभाईंनी लगेच रबर मागितलं. माधवीताई म्हणाल्या, खोडायचं नाही; चुकलेल्यावर एक रेघ मारायची, शेजारी खरं लिहायचं आणि सही करायची.

"म्हंजे उसवाचं नाई, वरून टाका घालाचा," ते म्हणाले, आणि कामाला लागले. परवाच्या शुक्रवारच्या शून्यावर त्यांनी स्वतः रेघ मारली. आज ते माझं सगळ्यात आवडतं पान आहे. नसीमबानोंच्या नोंदीही मराठीत उतरवून माझ्यासोबत जोडल्या.

त्यानंतर माझे चौकोन गजबजले. तीन, दोन, दोन. एकदा तर जैनुद्दीनभाईंनी 'पुंजारामच्या बडबडीनं डोकं दुखलं' असंही लिहिलं. त्याला चौकोन नव्हता, म्हणून कडेला लिहिलं. मागच्या बाजूने नसीमबानो लिहीतच राहिल्या. हळूहळू बोटांना रेघा परत आल्या. रेशनच्या यंत्राने त्यांना पहिल्याच खेपेला ओळखलं, तेव्हा त्यांनी यंत्राला सलाम केला म्हणे.

सहा महिने संपले. आता मी दवाखान्याच्या लोखंडी कपाटात, माझ्या बहिणींमध्ये उभी आहे. तीन महिने बरे की सहा, ते मला ठाऊक नाही. जैनुद्दीनभाईंचं पुढे काय होईल, तेही नाही. ते तपासण्यांना येतात, तेव्हा बाहेर त्यांचा आवाज ऐकू येतो आणि मला बरं वाटतं. एवढंच मागणं आहे. लोकांना 'मजेत' सांगा, पाहुण्यांना सांगा, माझी हरकत नाही. वहीला मात्र खरं सांगा. आम्ही कोणाचं नाव कापत नाही.

आणि कधी मला बाहेर काढलंत, तर मधलं पान उघडा. त्यांचं मराठी आणि बेगमांचं उर्दू तिथे एकाच तारखेला समोरासमोर आलंय. डावीकडे जळजळीच्या चौकोनात, बटण न ठेवता काढलेलं, वाकडंतिकडं, खरंखुरं शून्य. आणि उजवीकडे नसीमबानोंची शेवटची ओळ: "आज सुई में धागा इन्होंने ख़ुद डाला. मैं ने सिर्फ़ देखा."