बैलाची गाठ

"बांध त्याला," मानसिंग म्हणाला.

बाबालाल नालबंदाने खांद्यावरचा दोर काढला, पण पाऊल पुढे टाकलं नाही. ओढ्याच्या वाळूत बिराप्पा धनगर उताणा पडला होता. हात पाठीमागे आवळलेले, खालचा ओठ फुटलेला. पकडताना जोतीरामने त्याच्या तोंडावर गुडघा मारला होता.

"आवर की," मानसिंग पुन्हा म्हणाला. "टेकडीवर राखणीला बसवलेला माणूस किती येळ पोलिसाची वाट बघंल?"

"डावा पाय वर कर," बाबालाल बिराप्पाला म्हणाला. रोज बैलाला बोलायचा त्याच सवयीने बोलला, आणि बिराप्पाने मुकाट पाय वर केला.

चव्वेचाळीस सालची ही गोष्ट. आटपाडीच्या अलीकडे आमची वाडी, आणि त्या साली आमच्यावर दोन सरकारं होती. एक इंग्रजाचं, ते तालुक्याच्या कचेरीत बसे. दुसरं आमच्याच पोरांचं मंडळ, ते ओढ्यात किंवा माळावर बसे आणि पहिल्यापेक्षा लवकर निकाल देई. मानसिंग त्याचा म्होरक्या. पलटणीतून पळून आलेला गडी, त्यामुळे गावालाही तो पलटणच समजायचा. जोतीराम, नाथाजी आणि मी त्याच्या हाताखालची पोरं. मंडळाने दारूबंदी केली. वेशीच्या आत गाळायची नाही, विकायची नाही, प्यायची नाही. पहिल्या खेपेला मडकी फोडायची, दुसऱ्या खेपेला तळपायांवर वीस छड्या.

कायदा वाईट होता असं मी म्हणणार नाही. धोंडुबाईचा हात तिच्या नवऱ्याने पिऊन दोनदा मोडला होता. त्याला छड्या बसल्या त्या दिवशी तिने मंडळाच्या पोरांना धपाटी करून घातली. गावात संध्याकाळी बायकांच्या किंकाळ्या ऐकू येईनाशा झाल्या, हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. पण कायदा राबवायला हात लागतात, आणि हाताला चटक लागते. माझ्याही हाताला लागली होती. पाय ज्या दांडक्याला बांधायचे त्याचं एक टोक दर वेळी माझ्या खांद्यावर असे.

बांधायचं काम बाबालालचं. बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकणारा माणूस तो. दहा मणांचं जनावर एका दोराने असं आडवं करी की त्याच्या शिंगालाही माती लागू नये. त्याची गाठ आमच्यात दुसऱ्या कोणाला येत नव्हती. जनावर जितके झटके देईल तितकी ती आवळत जाई, आणि सोडायची तर दोराचं एक ठरावीक टोक आधी मागे रेटावं लागे. भलतं टोक ओढलं की ती आणखी बसे. माणसाला बांधताना बाबालाल घोट्यापाशी एक बोट जागा ठेवायचा. तेवढी दया त्याने स्वतःहून कायद्यात घातली होती.

त्या सकाळी बोट ठेवायचं तो विसरला.

का विसरला, ते आम्हा कोणाला ठाऊक नव्हतं. महिनाभर गावात खुरकतीची साथ होती. बैलांच्या खुरांच्या बेचक्यात जखमा होऊन किडे पडले होते. पेरणी तोंडावर आलेली आणि अकरा बैल बसलेले. फिनेल म्हणावं तर लढाईमुळे कुठे मिळत नव्हतं. बाबालाल पूर्वीपासून खुराची जखम दारूने धुवायचा. तो बिराप्पाकडे गेला आणि म्हणाला, एक घाणा गाळ, बैलांसाठी. बिराप्पाची मडकी एकदा फुटलेली होती. तो नको म्हणाला. बाबालालने त्याच्या गळ्याला हात लावून शपथ घातली. दोघे एका वयाचे, एका ओढ्यात पोहायला शिकलेले. बिराप्पाने गाळली. दारू बैलांच्या खुरांवर गेली, बैल उठले, आणि आठ दिवसांनी उकिरड्यात पुरलेलं मडकं जोतीरामला सापडलं.

"कुणासाठी गाळलीस?" मानसिंगने विचारलं होतं.

"माज्यासाठी," बिराप्पा म्हणाला. "हुक्की आली."

बाबालाल तिथेच उभा होता. त्याने मान खाली घातली. धनगराचा पाय आहे, मेंढरांमागे चालून चालून दगड झालाय, वीस छड्या सोसेल, असं तो मनाशी म्हणाला असणार. आपण सगळेच असं काहीतरी म्हणतो.

गाठ बसली. मी आणि नाथाजीने दांडकं खांद्यावर घेतलं, बिराप्पाचे तळवे आभाळाकडे झाले. जोतीरामने निगडीची ओली छडी उचलली.

पहिल्या तीन छड्यांना बिराप्पा गप्प होता. चौथीला त्याच्या घशातून आवाज आला आणि पाय झटकले गेले, तशी गाठ करकरली. सातव्या छडीला टाचेची कातडी फाटली. आठव्या छडीचं रक्त माझ्या कानावर उडालं. मी ते पुसलं नाही, कारण दांडकं हलवायचं नाही असा मानसिंगचा हुकूम होता.

"थांबा," बाबालाल म्हणाला.

जोतीरामने मारली ती मारलीच. नऊ.

"थांबा म्हंतो न्हवं. त्येनं माज्या सांगण्यावनं गाळली. बैलांचं खूर धुवायला. मानसिंगराव, तुमचा ढवळ्या परवा कशानं उठला? म्या त्येच्या खुरात काय वतलं, इचारलंत का कवा?"

वाळूत पंधरा-वीस माणसं उभी होती. त्यातल्या निम्म्यांचे बैल त्याच दारूने उठले होते. मी मानसिंगच्या तोंडाकडे बघत होतो. तो आता सोडा म्हणेल असं मला मनापासून वाटलं. पण काठावर बायका उभ्या होत्या, धोंडुबाई त्यांच्यात होती, आणि सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते.

"बैलासाठी कायदा येगळा न्हाई," मानसिंग म्हणाला. "त्येच्या वीस पुऱ्या करा. मंग ह्येच्या वीस."

बिराप्पाने मान वळवून बाबालालकडे बघितलं. "गप बसायचं हुतं रं," एवढंच तो म्हणाला. पुढच्या अकरा छड्यांत तो दोनदा बेशुद्ध झाला.

मग बाबालालची पाळी आली. त्याला बांधणार कोण? नाथाजीने दुसरा दोर उचलला आणि उगाच हातात फिरवत बसला.

"बांधायची गरज न्हाई," बाबालाल म्हणाला. "आधी त्येला सोडू द्या. गाठ लय बसलीया."

"तुजं झाल्यावर सोड," जोतीराम म्हणाला. त्याला वाटलं, हा पळायची वाट शोधतोय.

बाबालाल वाळूत पालथा झाला, दोन्ही पाय गुडघ्यात दुमडून त्याने तळवे वर केले आणि तसेच धरून ठेवले. मोकळे, ना दोर ना दांडकं. छडी बसली की मांड्या थरथरायच्या, पण पाय खाली आले नाहीत. त्याने वाळू दातांत धरली होती. पंधरापर्यंत मी मोजलं. पुढे मोजवलं नाही. वीस झाल्यावर पाय आपोआप खाली पडले आणि तो निपचित झाला. नाथाजीने त्याच्या तोंडावर पाणी मारलं, तरी डोळे उघडले नाहीत.

"धनगराला तरी सोडा," कोणीतरी म्हणालं. जोतीराम बिराप्पापाशी बसला, दोराचं एक टोक धरलं आणि ताकदीने ओढलं. बिराप्पा असा ओरडला की काठावरच्या बायका मागे सरकल्या. जोतीरामने दुसऱ्यांदा ओढलं. दोर मांसात गेला.

तेवढ्यात टेकडीवरच्या माणसाने पटका हलवला. पोलीस आले.

आम्ही पळालो. कोणी ओढ्याने, कोणी घाणेरीच्या झुडपांतून. मानसिंग पळाला, जोतीराम पळाला, दांडकं टाकून मीही पळालो. कोयता घेऊन दोर कापायला किती वेळ लागला असता? पण ते कोणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी आम्ही थांबलो असतो का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. गावाने दारं लावून घेतली. पोलिसांची गाडी खालच्या रस्त्याने सरळ आटपाडीला निघून गेली. ओढ्याकडे कोणी फिरकलंही नाही.

बाबालाल शुद्धीवर आला तेव्हा दुपार कलली होती. उभं राहता येईना. कोपरांवर सरपटत तो बिराप्पापर्यंत गेला. त्याची ती गाठ, जी तो डोळे मिटून सोडायचा, ती त्याला दिसेना, इतका पाय सुजून तिच्यावर आला होता. कमरेची खूर तासायची सुरी काढून त्याने दोर कापला. उजवा पाय निळा पडला होता, त्यात हळूहळू ऊब आली. गाठीचा भार डाव्या घोट्यावर होता. तो पाय काळा होता आणि थंडच राहिला. बाबालाल तो मांडीवर घेऊन चोळत बसला. दिवस मावळताना बिराप्पाची बायको हरणाबाई मेंढरं आणून नवऱ्याला शोधत आली, तेव्हाही तो चोळतच होता.

"कुणी बांधलं?" तिने विचारलं.

"म्या," बाबालाल म्हणाला.

तिने मुठीत वाळू घेतली आणि त्याच्या तोंडावर मारली. मग नवऱ्याला घोड्यावर घातलं. दुसऱ्या दिवशी बैलगाडीने त्याला मिरजेला नेलं. डाव्या घोट्याच्या वर चार बोटं पाय कापावा लागला.

पुढे इंग्रजाचं राज्य गेलं, मंडळ गेलं. मग आपल्या सरकारची दारूबंदी आली. तिची दवंडी पिटली तेव्हा धोंडुबाईने दारात उभं राहून ऐकली आणि बरं झालं म्हणाली. तिचंही खरंच होतं.

त्याच सुमारास एकदा मी खतासाठी रानात मेंढरं बसवायची म्हणून सांगायला बिराप्पाच्या मेंढवाड्यावर गेलो. तो कुंपणाच्या दगडांवर बसला होता, कुबडी शेजारी. मेंढरं सोडायला बाबालाल आला होता. पत्र्या ठोकायचं काम त्याने त्या दिवसापासून सोडलं होतं. पाच वर्षं रोज सकाळी यायचा. हरणाबाई त्याच्याशी बोलत नसे, पण त्याची भाकरी बांधून ठेवी. त्याला अजून नीट चालता येत नव्हतं, आणि मेंढरं काही त्याचं ऐकत नव्हती.

"बाबालाल, येक इचारू?" बिराप्पा म्हणाला. मी उभा आहे याचं त्याला काही वाटलं नाही. "त्या दिशी बोललास कशाला?"

बाबालालने वाड्याचं कवाड बाजूला करून मेंढरं सोडली.

"मी नाव घेतलंच नव्हतं तुजं. गप ऱ्हायला असतास तर वीस झाल्याव तूच सोडवला असतास मला. चार दिस लंगडलो असतो, झालं."

तो रागाने बोलत नव्हता. पाच वर्षं बसून बसून त्याचा जो हिशेब लागला होता तो सांगत होता.

मेंढरं तोवर उतारावर पसरली होती. बिराप्पाने हात वर करून दाखवलं.

"वरल्या अंगानं जा. म्होरची वळीव आधी."

"व्हय," बाबालाल म्हणाला, आणि लंगडत वर गेला.