सदूभाऊंच्या वाडीतला हरवलेला झेला

मित्रांनो, उंच फांदीवरचा चिकू दगड मारून पाडला तर फुटतो. तो अलगद उतरवणारा मी, सरावलीच्या सदूभाऊंच्या वाडीतला जुना झेला. लांब बांबू, टोकाला तारेचं कडं आणि कड्याला निळं जाळं, एवढाच माझा देह. ते जाळं सदूभाऊंच्या पत्नी बकुळाताईंनी स्वतः विणलं होतं. "माझ्या झेल्यातून चिकू निसटत नाही," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या आणि मी मनातून फुगायचो.

बकुळाताई गेल्या. त्यांचा मुलगा प्रितम मला रोज पुसून ठेवी. दोन वर्षांनी सदूभाऊंनी हर्षदाताईंशी लग्न केलं आणि चिंचणीहून त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी दिशा आली. अकरा वर्षांची पोर, पण आळीतल्या सगळ्या भानगडी हिच्या वहीत! शेजारच्या बारकीआजीचे सुके बोंबील मांजर पळवतं, हे हिनंच शोधलं होतं. तेव्हापासून बाईसाहेबांचे पाय जमिनीवर नव्हते.

एकदा हर्षदाताईंनी मला हौसेनं उचललं. मी फांदीत अडकलो, त्यांनी ओढलं आणि जाळं टरकन फाटलं. दुसऱ्या दिवशी मी जागेवर नव्हतो.

"सुकऱ्याशिवाय वाडीत येतं कोण?" सदूभाऊ गरजले. सुकऱ्या म्हणजे तलासरीकडून चिकू काढायला येणारा गडी. पंधरा वर्षं त्यानं मला हाताळलं होतं. दिशानं मोठा आव आणून सगळ्यांदेखत त्याची टोपली उलटी केली. आतून भाकरी आणि चटणी मातीत पडली.

"मी नाय नेला, भाऊ."

"उद्यापासून येऊ नको."

हे सगळं मी पंपाच्या खोलीमागं पाल्याखाली पडून ऐकत होतो. केवढा चडफडलो! प्रितमनंच मला तिथं लपवलं होतं. शाळेतून आला की तो माझं जाळं सांधायला बसे, पण आईची गाठ त्याला जमेना. बांधली की सुटे. खरं सांगायची हिंमतही होईना. चार दिवस मी मनातल्या मनात ओरडतोय आणि ती शहाणी पोर चिखलातल्या सुकऱ्याच्या पावलांची मापं घेतेय!

पाचव्या दिवशी तिला प्रितमच्या खिशाला निळा दोरा लोंबताना दिसला. ती गुपचूप मागोमाग आली. मला वाटलं, आता बोंब ठोकणार. पण ती खाली बसली. तिचे आजोबा चिंचणीला मासेमारीची जाळी विणत.

"गाठ उलटी घेतोस म्हणून सुटते. दे इकडे."

"माझ्या आईनं विणलेलं. तुझ्या आईनं फाडलं," प्रितम म्हणाला.

"मग तसं भांड ना तिच्याशी! सुकऱ्याकाकांचं काम कशाला घालवलंस?" मग तिचा आवाज उतरला. "टोपली तर मीच उलटी केली."

दोघांनी घरी सगळं कबूल केलं. सदूभाऊ स्वतः तलासरीला गेले. सुकऱ्या आला, पण मला हात लावेना.

"टोपली सगळ्यांसमोर उलटी केलीत," तो म्हणाला. "भरा पण सगळ्यांसमोर."

दिशानं मान खाली घालून माफी मागितली आणि मला उचललं. तिला मी पेलेना, तेव्हा प्रितमनं बांबूचं बूड धरलं. टोपली काठोकाठ भरेपर्यंत दोघं घामाघूम झाली. एकही चिकू निसटला नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, फाटलो तर सांधा. पण आम्ही हरवलो म्हणून कुणावर आळ घेऊ नका आणि खरं ठाऊक असेल तर गप्प बसू नका. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.