वर्षाचे पंच्याहत्तर दिवस

सदाशिव माईणकर, म्हणजे आमचे हे, मला भारतात मारतात. परदेशात मारत नाहीत. निदान गेल्या मार्चपर्यंत माझा तसा पक्का समज होता, आणि त्या समजावर मी आमच्या दोघांच्या पेन्शनचं सगळं अंदाजपत्रक उभं केलं होतं.

मी गणिताची शिक्षिका. टोकरखाड्यातल्या आमच्या कॉलनीतली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेली आहेत. हे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. दोघंही कोकणातून नोकरीसाठी सिल्वासाला आलो आणि इथलेच झालो. हे दारू पीत नाहीत, विडी ओढत नाहीत, शिवी तर नाहीच. मारायचं ठरलं की आधी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतात, शेजारी चष्मा, मग खिडकी लावून घेतात. पस्तीस वर्षांत माझा एक दात गेला, डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि करंगळी वाकडी बसली. कारणं विचारू नका. आमटी पातळ झाली हे एक कारण, आणि आमटी चांगली झाली तर मग तोंड का वाकडं, हे दुसरं. मी ओरडत नसे. भिंतीपलीकडे माझाच विद्यार्थी पाढे म्हणत बसलेला असायचा, तिथे बाईंनी कसं ओरडायचं?

निवृत्तीनंतर पहिल्यांदा आम्ही मुलाकडे, ओंकारकडे, कॅनडाला गेलो. पंचेचाळीस दिवस. तिसऱ्याच दिवशी समोरच्या घरापुढे पोलिसांची गाडी उभी राहिली आणि बायकोला ढकललं म्हणून तिथल्या एका धट्ट्याकट्ट्या माणसाला बेड्या घालून घेऊन गेली. हे पडद्याआडून बघत होते. त्या पंचेचाळीस दिवसांत यांनी माझ्यावर हात उचलला नाही. चहा तर दोनदा स्वतः केला. मग परत आलो, वापीला गाडीतून उतरून रिक्षाने घरी पोचलो, कुलूप काढलं, बॅगा आत घेतल्या आणि यांनी घड्याळ काढलं. पंचेचाळीस दिवसांचं एकदम दिलं. माझी बरगडी मोडली.

ओंकारला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, बाबांचा स्वभाव तुला काय आज कळतोय का?" पुन्हा त्याला कधी सांगितलं नाही.

बरगडी जुळेपर्यंत मी अंथरुणात पडून मनात एकच गणित सोडवत होते. परदेशातला दिवस म्हणजे माराशिवायचा दिवस. मग वर्षात असे दिवस जास्तीत जास्त किती विकत घेता येतील? दोघांची पेन्शन मिळून ब्याऐंशी हजार. घरखर्च बत्तीसमध्ये बसवला तर महिना पन्नास हजार उरतात, वर्षाला सहा लाख. प्रवासी कंपनीच्या गटाबरोबर गेलं तर दोघांचा दिवस अठरा हजारांना पडतो. सहा लाखाला अठरा हजारांनी भागा. तेहतीस दिवस.

यांना फिरायला आवडत होतं, आणि कॉलनीत मिरवायला त्याहून जास्त, त्यामुळे पटवायला कष्ट पडले नाहीत. श्रीलंका झालं, व्हिएतनाम झालं, जॉर्जिया झालं. गटात वापी-सिल्वासाचीच माणसं असायची. सकाळच्या नाश्त्याला वीस ओळखीचे चेहरे, बसमध्ये गाण्यांच्या भेंड्या, आणि हे सगळ्यांच्या बायकांना बॅगा उचलून द्यायचे. "वहिनी, नशीबवान आहात," असं मला दर सहलीत कोणीतरी ऐकवायचं. मी हसायचे, कारण त्या दिवसांपुरती मी खरंच नशीबवान होते. एकाही सहलीत एक चापटसुद्धा नाही. घरी आलो की महिनाभरात हिशेब चुकता व्हायचा, तो भाग वेगळा.

पण तेहतीस दिवसांनी माझं भागेना. तोंडाला चव लागली होती. मी पेपर बंद केला, वरकामाच्या भिमाबाईकडे भांडी तेवढी ठेवून धुणं स्वतः करायला लागले, दोन पाटल्या मोडल्या, लग्नकार्यांना आहेराऐवजी आशीर्वाद द्यायला लागले. तरी आकडा चाळिसावर जाईना. मग एके दिवशी डोक्यात उजेड पडला की महाग काय आहे तर तो गट. गाईड, बस, चार तारांकित हॉटेल, हे कशाला हवंय? मला नुसता परदेश हवा होता, तिथले पोलीस हवे होते. एखाद्या गावात महिनाभराच्या भाड्याची खोली घ्यायची, स्वयंपाक घरी करायचा. दिवस आठ हजारांवर आला. सहा लाखाला आठ हजारांनी भागलं आणि पंच्याहत्तर हा आकडा लिहिताना, खरं सांगते, माझे डोळे भरून आले.

मार्चमध्ये आम्ही थायलंडला गेलो, चियांग मायला, बावीस दिवसांसाठी. व्हिसाचा खर्च नाही. तिकीट सगळ्यात स्वस्तातलं, म्हणजे तारीख न बदलता येणारं. खोलीचं भाडं आगाऊ भरलेलं, परत न मिळणारं. प्रवास विमा काढला नाही, तेवढे बत्तीसशे वाचले. तिसऱ्या मजल्यावरची खोली, छोटं स्वयंपाकघर, समोर कुठल्याशा गोदामाची भिंत. इमारतीत आमची भाषा कळणारं कोणी नव्हतं. मी अंदाजपत्रकावर जाम खूश होते.

चौथ्या दिवशी दुपारी बाजारातून परत येताना रिक्षावाल्याने जास्त पैसे घेतले. यांनी दिलेही. मी बोलून गेले की वीस जास्त गेले. बस, एवढंच. खोलीत आल्यावर यांनी दार लावलं, घड्याळ काढलं, चष्मा काढला.

मी घाबरले नाही, ही त्यातली गंमत. मी हसून म्हटलं, "अहो, इथे नाही."

"का?" यांनी विचारलं. "इथे कोण ओळखतंय आपल्याला?"

पहिल्या फटक्यात मी सिंकवर आपटले. उठायला हात टेकला तर त्यावर यांनी बूट ठेवला आणि दाबला. मनगटात काडकन वाजलेलं मला उजव्या कानाने नीट ऐकू आलं. मी ओरडले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा पोटातून ओरडले, आणि त्या इमारतीत एकही दार उघडलं नाही. हे क्षणभर थांबून ऐकत राहिले. बाहेर शांतता आहे याची खात्री झाली तसे केस धरून मला पलंगापर्यंत ओढत घेऊन गेले.

तिथे पडल्या पडल्या मला माझी चूक कळली. आयुष्यभर पोरांना सांगत आले की उत्तर चुकलं तर आधी गृहीत धरलेलं तपासा. हे पोलिसांना भीत नव्हते. कॅनडात घाबरले होते ते ओंकारच्या शेजाऱ्यांना, गटात घाबरत होते ते वापी-सिल्वासाच्या त्या वीस चेहऱ्यांना. मी पै पै वाचवून नेमकी तीच माणसं खर्चातून काढून टाकली होती. आणि अजून अठरा दिवस शिल्लक होते, आगाऊ पैसे भरलेले.

त्या अठरा दिवसांत अकरा वेळा मार खाल्ला. दोन्ही पासपोर्ट यांच्या कमरेच्या पट्ट्यात. विमा नव्हता म्हणून डॉक्टर नाही. मनगट ओढणीने बांधून त्याच हाताने मी भात लावत होते. संध्याकाळी हे मला देवळापुढे उभी करून फोटो काढायचे आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकायचे. सुजलेली बाजू कॅमेऱ्यात येणार नाही इतकं त्यांना बरोबर जमायचं. खाली लोकांचे अंगठे आणि हार्ट. मी त्या फोटोंकडे बघून रात्रंदिवस जळत होते, यांच्यावर आणि त्याहून जास्त माझ्या अकलेवर.

परत आल्यावर मनगटाला प्लास्टर घातलं. डॉक्टरांना सांगितलं, न्हाणीघरात पडले. भिमाबाई मात्र भांडी घासता घासता माझ्याकडे बघत राहिली. ती धुळ्याकडची, तिचा नवरा गलोंड्याच्या कारखान्यात, राहायला आमलीत एका चाळीत.

"बाई," ती म्हणाली, "मना नवरा बी मारस. पण आमनी चाळमा जरा आवाज झाला ना, की आठ खोल्यांमधून लोके धावत येतस. मग त्यालेच मार पडस. तुमना घरमा तर आवाजच नहीं."

 त्या दिवसापासून मी दुसरं गणित मांडायला घेतलं: आवाज झाला तर किती दारं उघडतील?

मे महिन्यात ज्येष्ठ नागरिक मंडळाचे चिटणीस दत्तात्रय मोहिते घरी आले. अतिशय सभ्य माणूस, बोलताना सारखे हात जोडणार. मंडळात माझं भाषण ठेवायचं होतं, विषय 'पेन्शनमध्ये परदेशवारी'. सगळ्यांना कुतूहल आहे म्हणाले, माईणकरांना हे जमतं कसं. यांची छाती फुगली. "ही आकड्यांत हुशार आहे," यांनी परस्पर होकार दिला. ते गेल्यावर मला बजावलं, "हाताचं विचारलं तर पडले म्हणून सांगायचं. आणि लवकर आटप."

रविवारी पाच वाजता कॉलनीच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं जमली. हे पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. मागे भिमाबाई मंडळाचा चहा करत होती.  मी फळ्यावर डाव्या हाताने दोन आकडे लिहिले, तेहतीस आणि पंच्याहत्तर. पेन्शन सांगितली, घरखर्च सांगितला, गटाचा दिवस आणि खोली घेऊन राहायचा दिवस, दोन्हींचे भाव सांगितले. लोक वह्यांत लिहून घेत होते.

"आता हे दिवस कसले ते सांगते," मी म्हटलं. "हे मार न खाण्याचे दिवस. हे मला घरी मारतात. परदेशात मारत नाहीत असं वाटलं म्हणून मी हा सगळा उपद्व्याप केला. थायलंडमध्ये हात मोडला तेव्हा कळलं, तेही खोटं."

 दत्तात्रय हात जोडून उठले आणि म्हणाले, "वहिनी, घरातलं घरात असावं. चहा घेऊ या का?"

हे हसत हसत व्यासपीठावर आले. "हिची तब्येत बरी नाही," असं लोकांकडे बघून म्हणाले, आणि मला आधार द्यावा तसं प्लास्टर धरून पिरगाळलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी मी माईक सोडला नाही.

"आत्ता हे माझा मोडलेला हात पिरगाळतायत," मी माईकमध्ये म्हटलं.

तशी यांनी थोबाडीत मारली. घड्याळ काढायला सवड नव्हती. त्याच्या पट्ट्याने माझा गाल फाटला, आणि स्पीकरमधून तो आवाज हॉलभर असा घुमला की शेवटच्या रांगेतल्या बायका दचकून उभ्या राहिल्या. दुसरी मारायला हात वर गेला तो खाली आलाच नाही. भिमाबाई चहाचं पातेलं टाकून धावत आली होती. तिने मागून यांची मानगूट धरली आणि गुडघ्यात अशी लाथ घातली की हे व्यासपीठावरून खाली खुर्च्यांवर कोसळले. ओठ फुटला, चष्म्याचा चुरा झाला. दोन म्हाताऱ्यांनी यांना उठवलं, आणि मग उठवलेलं सोडायचं की धरून ठेवायचं, हे त्यांना कळेना.

तोंडातून रक्त गळत असताना हे माझ्याकडे बघतच नव्हते. लोकांकडे बघत होते, एकेका चेहऱ्याकडे. मला माझ्या गणिताचं उत्तर तेव्हा मिळालं. आजवर यांना आवर घालणारी एकच गोष्ट होती, लोकांची लाज. ती मी आत्ता चाळीस माणसांसमोर संपवून टाकली होती. त्या घरात पुन्हा पाऊल टाकलं तर हे मला जिवंत ठेवणार नव्हते. इतकं स्वच्छ मला आयुष्यात काही दिसलं नव्हतं.

"पोलीस ठाण्यात जायचंय," मी म्हटलं. "साक्षीला कोण येतं?"

ज्यांची मुलं मी शिकवली, ज्यांना मी दर सहलीहून चॉकलेटं आणून दिली, ते सगळे वह्या मिटायला लागले. कोणाला गुडघे आठवले, कोणाला घरचे पाहुणे. भिमाबाई म्हणाली, "मी येते ना बाई," आणि तिने पदराने माझा गाल दाबून धरला. आम्ही दोघी रिक्षात बसलो, तेवढ्यात मागून दत्तात्रयांची बायको धनश्री पळत आली. तिला मी कधी धड बोलतानासुद्धा ऐकलं नव्हतं. नवरा हॉलच्या दारातून तिला हाका मारत होता, अगदी गोड आवाजात. ती मागे न बघता आत शिरली.

 ठाण्यासमोर रिक्षा थांबली, भिमाबाई पैसे द्यायला खाली उतरली, तेव्हा धनश्री अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई, गटाबरोबर गेलं तर, एकाच पेन्शनमध्ये, वर्षाचे किती दिवस बसतील?"

मी तिच्याकडे पाहिलं. मे महिन्याच्या त्या उकाड्यात तिने मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज घातला होता.

"लग्नाला किती वर्षं झाली तुझ्या?" मी विचारलं.

"एकोणतीस."

भागाकार मी केला नाही. चांगल्या हाताने तिचा हात धरला आणि तिला घेऊन खाली उतरले. "आत चल," मी म्हटलं, "तुझंही लिहून देऊ."