आज तरी फास्टिंग आहेस ना?

मित्रांनो, परदेशातल्या आमच्या अख्ख्या गिरावीन उपनगरात माझ्याइतकं खरं बोलणारं कुणी नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचो. मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. बोट टोचून आलेला थेंब माझ्या पट्टीला लावला, की रक्तात साखर किती ते मी सांगतो. इथल्या मापात उपाशीपोटी साडेपाच (भारतातले शंभर) म्हणजे ठीक, सातच्या (सव्वाशेच्या) वर गेली की डॉक्टर गाठायचा.

इथल्या मराठी बायकांच्या 'ओंजळ' भगिनी मंडळाने फुकट आरोग्य शिबिरांसाठी मला आणलं. टोचायचं काम भावनाकडे आलं, कारण ती जवळच्या पॅरामॅटाला आयटीत टेस्टर होती. टेस्टिंग म्हणजे टेस्टिंग!

पहिल्याच शिबिरात माझा तोरा उतरला. आरोग्य शिबिराच्या उद्घाटनाला जिलबी होती. अध्यक्ष पद्माताईंचे यजमान श्रीनिवास जिलबी खाऊन तसंच चिकट बोट घेऊन आले. मी सत्तावीस दाखवले. भावना किंचाळली, अॅम्ब्युलन्स आली. अॅम्ब्युलन्सवाल्याने त्यांना हात धुवायला लावले आणि पुन्हा मोजलं. साडेपाच! "नो वरीज, मेट," म्हणून तोही एक जिलबी घेऊन गेला. तेव्हापासून मी मंडळाचा विनोद झालो.

मग पद्माताईंची पाळी आली. त्या सारखं पाणी प्यायच्या आणि बारीकही झाल्या होत्या. सगळ्या कौतुक करायच्या, "कुठलं डाएट गं?" मी सोळा दाखवले.

"अगोबाई! ताई, फास्टिंग आहेस ना?"

"म्हणजे काय? संकष्टी आहे आज."

"काहीच नाही खाल्लं?"

"छे! साबुदाण्याची खिचडी तेवढी. आणि दोन खजूर."

सगळा हॉल हसला. मीही हसलो असतो, पण मला ते हसणं बरं वाटेना. पुढच्या शिबिराला एकादशी निघाली आणि ताई रताळ्याचा कीस खाऊन आल्या. बाईचा कायम उपवास, पण पोट कधी रिकामं नाही! मी दरवेळी ओरडायचो आणि दरवेळी खिचडीवर खापर फुटायचं.

मग मंडळाने डायबेटिस जागृतीसाठी वॉक ठेवला. ताई नवे कोरे शूज घालून पुढे. निघायच्या आधी त्यांनी बोट पुढे केलं. "आज चहासुद्धा नाही हं, भावना."

मी एकोणीस दाखवले.

"हात धुतलेस?"

"धुतले गं. दोनदा."

"मग हाच बिघडलाय." आणि तिने मला खोक्यात टाकलं. खोक्यातून ओरडता येत नाही, मित्रांनो.

वॉक छान झाला, फोटोही झाले. ताई परत येऊन खुर्चीत बसल्या, तेव्हा त्यांची मुलगी सावनी म्हणाली, "मम, युअर शू इज ऑल रेड."

ताईंनी खाली पाहिलं. "अगं, मला काहीच कसं कळलं नाही?"

साखरेने त्यांच्या पायाची जाणीव कधीच नेली होती. शूज चावत होते आणि त्या हसत हात हलवत होत्या. जखम चिघळली. हॉस्पिटलमध्ये पायाची दोन बोटं काढावी लागली.

भावना भेटायला आली, तेव्हा मला घेऊन आली होती. नुसती रडत बसली. ताईंनी मला हातात घेतलं. "हा खरं बोलत होता ना गं?" त्या दिवसापासून मी त्यांच्या गाऊनच्या खिशात. सकाळ-संध्याकाळ माझ्यावर भरवसा. आता दोन्ही पाय वाचवायचे होते.

मित्रांनो, आकडा आवडला नाही म्हणून सांगणाऱ्याला खोक्यात टाकू नका. तुमची आई सारखी पाणी पीत असेल, तर ती बारीक झाली म्हणून टाळ्या वाजवू नका. तिला डॉक्टरकडे न्या.

परवा श्रीनिवासांनी बायकोला आराम म्हणून घरातले कपडे स्वतः धुवायला घेतले. गाऊनसुद्धा मशीनमध्ये टाकला. खिसे बघितले नाहीत.