चेपलेल्या डोक्याची सळई

मी एक जुनी लोखंडी सळई आहे. हातभर लांब, बोटाएवढी जाड आणि डोकं चेपलेली. ते कसं चेपलं, तेच मित्रांनो, तुम्हाला सांगायचं आहे. ऐकून बरं वाटणार नाही.

कारखान्यातून निघाल्यावर माझ्या बहिणी इमारतींच्या खांबांत गेल्या. मी तुकडा म्हणून उरले. मला एका भूवैज्ञानिक बाईंनी उचललं. पाणी कुठली माती किती खाऊन नेतं, हे मोजणं त्यांचं काम, म्हणून सगळे त्यांना मातीवाल्या बाई म्हणत. ओढ्याकाठी एका शिंप्याचं घर होतं. त्यामागच्या उतारावर बाईंनी मला उभं ठोकलं आणि चार बोटं वर ठेवलं. माती वाहून गेली की मी तेवढी जास्त उघडी पडणार. बाई दर महिन्याला येऊन पट्टी लावत आणि वहीत लिहीत. मी वीतभर उघडी पडले की घर रिकामं करायचं, असं बाई आणि शिंपी यांच्यात ठरलं होतं.

शिंपी मोठा गमत्या. "बाई, आपण दोघंही मापंच घेतो," तो म्हणायचा. "माझी गिऱ्हाइकं तेवढी जाड होतात, तुमचा उतार बारीक होतो!" बाई हसायच्या. मला मात्र फुशारकी चढायची. अख्खं घर माझ्या भरवशावर होतं ना!

मग पावसाने जोर धरला. माझ्याभोवतीची माती भराभर गेली. वीत भरायला दोनच बोटं उरली, आणि त्याच दिवशी शिंप्याची धाकटी लेक खेळताना मला अडखळली. अंगठा फुटला. तिची आई तणतणत आली.

"मेली सळई! पोरीचा पाय फोडलान."

तिने दगड उचलला आणि घावावर घाव घालून मला आत बसवलं. तीन बोटं वर राहिली. मी ओरडून सांगितलं असतं, पण लोखंडाला तोंड कुठे असतं?

बाई आल्या तेव्हा घाईत होत्या. गेल्या खेपेला सहा बोटं, या खेपेला तीन. "वरची माती येऊन साचलेली दिसते," त्या पुटपुटल्या आणि वहीत तसंच लिहिलं. माझं डोकं चिखलाने माखलेलं होतं, ते पुसलं नाही. घरात कुणाला विचारलंही नाही. "सध्या काळजी नाही," एवढं शिंप्याला सांगून त्या गेल्या. तो दुसरं घर शोधत होता, ते त्याने थांबवलं.

नवव्या दिवशी भर दुपारी उतार खचला. मागची भिंत शिवणयंत्रावर आली, आणि यंत्रावर शिंपी बसलेला होता. त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

चिखलात बाईंना मी सापडले. त्यांनी रुमालाने माझं डोकं पुसलं, तेव्हा ते चेपलेलं दिसलं.

"हिला कुणी ठोकलं?"

"मीच," शिंप्याची बायको म्हणाली. "पोरीच्या पायाला लागत होती. का हो, बाई?"

बाई म्हणाल्या, "चूक माझी आहे, ताई. मी विचारायला हवं होतं."

आता मी बाईंच्या पिशवीत असते. नव्या घरी गेल्या की त्या मला आधी घरच्या माणसांच्या हातात देतात, माझं चेपलेलं डोकं दाखवतात. मित्रांनो, अशी सळई दिसली तर तिला हात लावू नका. चुकून लावलातच, तर सांगा. आणि मोजायला येणाऱ्यांनो, लिहिण्याआधी घरातल्यांना विचारा.

त्या पोरीचा अंगठा चार दिवसांत बरा झाला होता.