एकतीस जूनचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मी बारा वर्षं काम केलं आणि कामाचे जेवढे दिवस आले, तेवढे कागदांवर उठवले. पण माझ्या नावावर एक दिवस असाही आहे, जो जगात कुठेच उजाडला नाही. त्याची मला लाज वाटते. चांगलं सांगण्यासारखंही माझ्याकडे थोडंफार आहे, पण आज मला हेच सांगायचं आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. लोखंडी चौकट, काळी मूठ आणि चौकटीत शेजारी शेजारी बसवलेल्या तीन रबरी पट्ट्या : एक दिवसाची, एक महिन्याची, एक वर्षाची. प्रत्येक पट्टीला बाजूला एक दातेरी चाक. चाक फिरवलं की पट्टी सरकते आणि पुढचा आकडा खाली येतो. तिन्ही पट्ट्या एकमेकींशी बोलत नाहीत. दिवस बदलला म्हणून महिना आपोआप बदलत नाही, तो माणसालाच बदलावा लागतो. हे नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं याच्यामुळेच घडलं.

कार्यालयात मी हेडक्लार्कच्या हाती आलो. त्यांना सगळे कॅलेंडरकाका म्हणत. कोणती सुट्टी कोणत्या वारी आली, कोणाची रजा कधी संपते, कोणत्या परीक्षेचा निकाल किती तारखेला लागला होता, हे त्यांना तोंडपाठ असे. प्राध्यापक त्यांना मुद्दाम अडवून विचारत आणि हरत. काका रोज नऊला पाच मिनिटं असताना येत, माझं दिवसाचं चाक एक घर पुढे सरकवत, मला स्टँपपॅडवर टेकवत आणि रद्दी कागदावर एक ठसा उठवत. मग चष्मा कपाळावर सारून तो ठसा भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहत. त्यानंतरच खिडकी उघडत. नव्या टंकलेखिका ताई आल्या तेव्हा काका त्यांना म्हणाले होते, "हा शिक्का माझ्यापेक्षा कमी बोलतो आणि माझ्याइतकाच खरा आहे." त्या दिवशी मी स्वतःला फार मोठा समजू लागलो.

एका बुधवारी सकाळी काका आले, तेव्हा खिडकीबाहेर एक विद्यार्थिनी आधीच उभी होती. छातीशी प्लॅस्टिकची फाइल, आणि फाइलच्या झाकणावर चिकटवलेला एक कागद. त्यावर कामांची यादी होती. एक सोडून सगळ्या कामांपुढे बरोबरची खूण होती. परदेशी शिकायला जायचं पक्कं झालं होतं, पण प्रवेशाचं पत्रच उशिरा आलं होतं. वीस जुलैच्या आत तिथे हजर व्हायचं होतं, आणि व्हिसा केंद्रात तिला वेळ मिळाली होती दुसऱ्याच दिवशीची, अकरा वाजताची. अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा दाखला तेवढा राहिला होता.

तिची आई शिवणकाम करत असे. मुलगी सांगत होती की, आईने चार दिवस दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर बँकेच्या आणि दवाखान्याच्या रांगा धरल्या. काकांना तिची दया आली. त्यांनी घाईघाईने दाखला काढला, प्राचार्यबाई गाडीतून उतरत होत्या तिथेच त्यांची सही घेतली, माझं दिवसाचं चाक एक घर पुढे सरकवलं आणि मला दाखल्यावर दाबलं. रद्दी कागदावरचा ठसा त्या दिवशी राहून गेला. बारा वर्षांत पहिल्यांदा.

आदल्या दिवशी माझ्यावर तीस जून होता. एक घर पुढे म्हणजे एकतीस. महिन्याच्या चाकाला कोणी हात लावला नाही.

मी एकतीस जून उठवला, मित्रांनो. अगदी ठसठशीत उठवला. एखादा आकडा पुसट आला असता तरी काकांनी डोळे बारीक करून पाहिलं असतं. पण माझा ठसा नेहमीसारखाच स्वच्छ होता, आणि स्वच्छ ठसा कोणी वाचत नाही. मुलीने शिक्का आहे एवढंच पाहिलं, दोनदा आभार मानले आणि ती गेली. त्या दिवशी मी तोच दिवस आणखी दहा दाखल्यांवर आणि जावक नोंदवहीच्या पानावर उठवला.

गुरुवारी नऊला पाच मिनिटं असताना काकांनी मला उचललं. चाकाला बोट लावलं आणि ते थांबले. त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग पटकन दोन्ही चाकं फिरवून त्यांनी मला दोन जुलैवर आणलं. मुलीच्या अर्जावर तिचा फोन नंबर होता. अर्ज त्यांच्या डाव्या हाताशी होता. अकरा वाजायला दोन तास होते. काकांनी अर्ज फायलीत लावला, फाइल कपाटात ठेवली आणि खिडकी उघडली.

शुक्रवारी मुलगी आईला घेऊन आली. केंद्रातल्या अधिकारी बाईंनी दाखला परत केला होता. जो दिवसच नाही, त्या दिवशी दिलेला दाखला खरा कसा मानायचा, असं त्यांनी विचारलं होतं. सोमवारी दुपारी बारापर्यंत महाविद्यालयाने खुलासा दिला तर ठीक, नाहीतर खोटं कागदपत्र जोडलं म्हणून अर्ज फेटाळणार. हा शेरा पुढच्या प्रत्येक अर्जाबरोबर जातो, असंही सांगितलं होतं.

खिडकीपाशी सात-आठ जण होते. दोन प्राध्यापकही उभे होते. काकांनी दाखला हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"आमच्या शिक्क्यावर अशी तारीख येऊच शकत नाही," ते म्हणाले. "बाहेर कुठून उठवून आणली असेल."

मुलीने यादी चिकटवलेली फाइल छातीशी उलटी धरली. आई मात्र शांत होती. "म्हणजे माझ्या मुलीने खोटा शिक्का मारला, असं म्हणताय का तुम्ही?" तिने विचारलं. काका म्हणाले, चौकशी करावी लागेल, सोमवारी दुपारनंतर या. दुपारनंतर म्हणजे काय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. कॅलेंडरकाकाच ते.

मी त्यांच्या हाताजवळ, टेबलावरच होतो. मला तोंड आहे, पण ते छापण्यासाठी. ज्या तोंडाने मी चूक केली होती, त्याच तोंडाने ती सांगता येत नव्हती. काकांनी मला उचलून खणात टाकलं. मी अंधारात पडलो आणि मला बरं वाटलं. याचीही मला लाज वाटते.

त्या दोघी गेल्यावर काकांनी जावक नोंदवही उघडली. ब्लेडने ते एकतीसातला तीन खरवडू लागले. मग जूनपाशी आले, आणि तिथे कागदाला भोक पडलं. टंकलेखिका ताई समोरच बसल्या होत्या. त्यांनी टंकलेखन थांबवलं नाही. मान खालीच ठेवून त्या म्हणाल्या, "काका, नोंदवही खरवडाल. पण दाखले घरोघरी गेलेत, तिथे ब्लेड घेऊन कुठे कुठे जाणार?"

काकांनी त्या भोकावरून बोट फिरवलं. मग नोंदवही उचलून ते प्राचार्यबाईंच्या खोलीत गेले.

शनिवारी अर्ध्या दिवसाचं कार्यालय सुटल्यावर त्यांनी मला स्टँपपॅडसकट पिशवीत टाकलं आणि शिवणाच्या दुकानात नेलं. सोबत नवा दाखला होता, आणि प्राचार्यबाईंच्या सहीचं खुलाशाचं पत्र होतं. मुलीची आई मशीनवर होती. तिने हातातली शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला आणि मगच वर पाहिलं. काकांनी पत्र पुढे केलं आणि चूक झाली, असं ते पुटपुटले.

"शुक्रवारी चारचौघांत बोललात," ती म्हणाली. "आता माझ्या दुकानात हळू आवाजात बोलून कसं चालेल?"

काकांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "सोमवारी मी बरोबर येतो," ते म्हणाले.

सोमवारी सव्वादहा वाजता आम्ही व्हिसा केंद्रात होतो. खुर्च्या भरलेल्या होत्या, बाकीचे भिंतीला टेकून उभे होते. अधिकारी बाईंनी पत्र वाचलं आणि विचारलं की, कॅलेंडरात नसलेली तारीख शिक्क्यावर येतेच कशी. काकांनी मला पिशवीतून काढलं.

"दाखवतो," ते म्हणाले. त्यांनी कोऱ्या कागदावर तीस जून उठवला. मग सगळ्यांना दिसेल असं मला वर धरून दिवसाचं चाक एक घर सरकवलं. टक्, असा आवाज झाला. शेजारी त्यांनी एकतीस जून उठवला. रांगेतून कोणीतरी विचारलं, "एकतीस जूनला सुट्टी असते का हो?" सगळे हसले. काका हसले नाहीत, आणि थांबलेही नाहीत.

"ही चूक माझी आहे," ते मोठ्याने म्हणाले. "दुसऱ्या दिवशी सकाळीच मला ती कळली होती. तेव्हा फोन केला असता तर या मुलीची फेरी वाचली असती. उलट शुक्रवारी मी हिलाच खोटं पाडलं. तिचा कागद खरा आहे. मी खोटं बोललो."

हसणं थांबलं. अधिकारी बाईंनी तो कागद पत्राला टाचला आणि फाइल पुढे पाठवली.

सतरा जुलैला मुलगी पासपोर्ट घेऊन कार्यालयात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला निघायचं होतं. काकांनी व्हिसाचं पान उघडलं. "काका, तारीख मी दोनदा वाचलीय," ती म्हणाली. तरीही काकांनी चष्मा कपाळावर सारला आणि ती कॅलेंडरशी ताडून पाहिली. मग पासपोर्ट दोन्ही हातांनी तिला परत दिला.

बाकीच्या दहा जणांना काकांनी स्वतः फोन केले, पत्रं लिहिली. नऊ दाखले परत आले आणि बदलून गेले. एक आला नाही. पत्ता बदललेला, नंबर बंद. तो कुठल्यातरी फायलीत असेल, आणि त्यावर मी असेन, ठसठशीत.

माझ्या वर्षाच्या पट्टीवर ते वर्ष शेवटचं होतं. काकाही डिसेंबरात निवृत्त झाले. आता टेबलावर नवा शिक्का आहे आणि मी खालच्या खणात आहे. रोज नऊला पाच मिनिटं असताना ताई रद्दी कागदावर पहिला ठसा उठवतात, तो मला वरून ऐकू येतो. मग त्यांची पावलं भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन परत येतात, आणि त्यानंतरच खिडकी उघडते.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी वस्तू हातात आली, तर तिच्यावर एवढा विश्वास टाकू नका की तिच्याकडे पाहायचंच राहून जाईल. आधी रद्दी कागदावर उठवून बघा. आणि तरीही चूक झाली, तर ज्याचा कागद बिघडला त्याला त्याच सकाळी फोन करा. अकरा वाजायला तेव्हा दोन तास बाकी असतात.